पादुआच्या बागेची १५९१ची पुस्तिका : काही महिने वापरल्यानंतर

इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाची ही छोटी पुस्तिका जिरोलामो पोर्रोने १५९१ साली व्हेनिसमध्ये छापली. तिचा स्कॅन छापून, शिवून घेतला आणि गेले काही महिने तो बागेत नेऊन वापरते आहे.

पहिल्यांदा उघडणाऱ्याला वाटेल, अर्धी पानं छापायची राहूनच गेली. पण ती मुद्दाम कोरी आहेत. आधी बागेचा संपूर्ण नकाशा मापांसकट, मग बागेच्या गोल आवारातल्या चारही चौकांचा वेगवेगळा नकाशा आणि त्यातल्या लहानातल्या लहान वाफ्यालाही क्रमांक. पुढे तेच क्रमांक ओळीने आणि प्रत्येकासमोर रिकामी जागा. विद्यार्थ्याने वाफ्यापाशी थांबायचं, झाड ओळखायचं आणि नाव स्वतःच्या हाताने लिहायचं! फ्रांचेस्को बोनाफेदे या प्राध्यापकाच्या आग्रहामुळे १५४५ मध्ये ही बाग झाली, तीच मुळी वैद्यकाच्या मुलांना अस्सल औषधी पारखता याव्यात म्हणून. त्या हेतूला इतकं चोख उतरलेलं दुसरं पुस्तक मी पाहिलेलं नाही.

चौकांची आखणी आजही बरीचशी तशीच असल्यामुळे नकाशा अजून कामाला येतो. मी आजची नावं भरते. पेन्सिलच हवी, कारण हंगाम बदलला की वाफ्यातलं रोपही बदलतं. १५८५ मध्ये लावलेला बुटका ताड मात्र काचघरात अजून उभा आहे. पुस्तिका निघाली तेव्हा तो लावून सहाच वर्षं झाली होती. पुढे १७८६ मध्ये जर्मन कवी गटेने तो पाहिला आणि तेव्हापासून त्याला गटेचंच नाव पडलं.

अडचण येते ती पुस्तिकेतल्या वनस्पतींच्या यादीत. नावं लिनियसच्या १७५३च्या, म्हणजे आजच्या दोन शब्दी शास्त्रीय नावांच्या पद्धतीआधीची, वर्णन नाही, चित्र नाही. नुसत्या नावावरून झाड कोणतं हे ठरवताना घाम फुटतो. डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या वनौषधींच्या ग्रंथावरचा, सोळाव्या शतकातल्या मातिओली या इटालियन वैद्याचा सचित्र टीकाग्रंथ शेजारी उघडा ठेवल्याशिवाय माझं पान हलत नाही. कोणतं झाड नेमकं कुठल्या वाफ्यात होतं हेही यादीवरून कळत नाही, आणि इतिहास शोधणाऱ्याला ही उणीव फार जाचते.

तरीही वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांनी ही जरूर पाहावी. आपल्याकडच्या आयुर्वेद महाविद्यालयांच्या वनौषधी उद्यानांत झाडापुढे नावाची पाटी असते. मुलं पाटी वाचतात आणि पुढे जातात. एखाद्या सत्रात पाट्या झाकून, वाफ्यांना नुसते क्रमांक देऊन अशी कोरी वही मुलांच्या हाती द्यायला काहीच हरकत नाही. वाफ्यांचा नकाशा आणि झेरॉक्सची पानं, एवढाच खर्च.