जळगावातली पायलट-उजळणी: पैसे कशाचे, कशाचे नाहीत

आधी महत्त्वाचं सांगून टाकतो. जळगावात एक निवृत्त कॅप्टनसाहेब पायलटांसाठी उजळणीची बॅच चालवतात. त्यांच्याकडचा ए-३२० या एअरबस जेटचा ट्रेनर, म्हणजे कॉकपिटची नक्कल, डीजीसीएमान्य (सरकारी विमान-नियामकाने मान्य केलेला) नाही. तिथला एक मिनिटही लॉगबुकात चढत नाही, टाइप रेटिंग (ठरावीक जातीचं विमान उडवायची परवानगी) मिळत नाही आणि नोकरीची हमी तर नाहीच. हे मला त्यांनीच पहिल्या फोनवर सांगितलं, मी फी विचारायच्या आधी. विमानक्षेत्रातल्या क्लासवाल्यांशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना कळेल की एवढ्यावरच अर्धे स्टार देऊन टाकावेत.

मी यावल तालुक्यातला, घरी केळी. एटीआर-७२ या पंख्याच्या (टर्बोप्रॉप) प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होतो. कंपनी बसली, शेवटचे पगार राहिले ते राहिलेच, आणि मी गावी आलो. चौकात रोज एकच विचारणा, "काय रे भो, विमान कधी उडवून राह्यला?" लोकांचंही चुकत नाही. त्यांना वाटतं पायलट म्हणजे पायलट, एक कंपनी गेली की दुसरीत बसायचं.

तसं होतं, पण सगळ्यांचं नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी कोण लवकर सावरलं हे बऱ्याच अंशी हातातल्या टाइप रेटिंगवर ठरलं. गो फर्स्टचा सगळा ताफा ए-३२० चा, आणि इंडिगो, एअर इंडिया यांच्याकडे तेच विमान. म्हणजे रिफ्रेशर, सिम्युलेटरमध्ये चेक, थोडं लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवरचं), की माणूस पुन्हा उडायला मोकळा. जेटच्या ७३७ वाल्यांपैकी पुष्कळांना स्पाइसजेटने घेतलं, पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये अकासा ७३७ मॅक्स घेऊन आली. आमच्या एटीआरवाल्यांची गोष्ट निराळी. आपल्याकडे हे विमान उडवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याएवढ्या. तिथे जागा नसली की जेट विमानाचं टाइप रेटिंग पहिल्यापासून.

त्याचा खर्च साधारण पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो, राहणं-खाणं वेगळं. कारण मुख्य ट्रेनिंग होतं फुल फ्लाइट सिम्युलेटरवर. हायड्रॉलिक किंवा इलेक्ट्रिक पायांवर हलणारं ते यंत्र कोट्यवधींचं असतं आणि तासावर भाड्याने मिळतं. दोघांनी मिळून स्लॉट घ्यायचा, मागे इन्स्ट्रक्टर. अशा स्लॉटमध्ये बसून तुम्ही स्विच शोधत राहिलात तर ते पैसे पाण्यात. जळगावच्या क्लासचा उपयोग नेमका इथे आहे. स्विच कुठे, क्रम काय, कोणी काय बोलायचं, हे सगळं गुरुग्राम-हैदराबादच्या महागड्या तासात शिकण्याऐवजी इथे स्वस्तात अंगवळणी पडतं. माझ्या बॅचची फी पंचेचाळीस हजार होती.

जागा म्हणाल तर रिंग रोडच्या आतल्या गल्लीत दुसरा मजला, खाली ठिबकच्या नळ्यांचं दुकान. वर प्लायवूड आणि फायबरचं कॉकपिट, विमान वळवायच्या दोन साइडस्टिक, मधे इंजिनचा जोर ठरवणारे थ्रस्ट लीव्हर, समोर तीन स्क्रीन. दिसायला काही खास नाही. उजव्या लीव्हरची क्लाइंबची खाच झिजली आहे, ती हाताला लागत नाही, नजरेनेच बघावी लागते. नेव्हिगेशनचा डेटाबेसही जुन्या आवृत्तीचा आहे. पण बटणं जागच्या जागी आहेत, आणि या कामाला तेवढं पुरतं.

शिकवण्याची पद्धत मात्र एक नंबर. एटीआरवर अॅप्रोचमध्ये, म्हणजे उतरायला येताना, हात पॉवर लीव्हरवर आणि हात सतत काम करत असतो. वेग दोन नॉट पडला की किंचित पुढे, वाढला की मागे. ए-३२० वर ऑटोथ्रस्ट चालू असला की इंजिन वर-खाली होतं, पण लीव्हर जागचा हलत नाही. पहिल्या अॅप्रोचला माझा हात आपोआप पुढे-मागे जायला लागला. साहेबांनी काही न बोलता माझ्या मनगटावर पेन ठेवलं. "हात असू द्या. पेन पडता कामा नये." आयएलएस (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरणं) संपेपर्यंत ते पेन सांभाळत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पेनाची गरज उरली नव्हती.

अंगठ्याचंही तसंच. एटीआरवर अंगठा सारखा ट्रिमच्या, म्हणजे विमानाचा तोल धरायच्या बटणावर. इथे ट्रिम विमान स्वतः करतं, आणि अंगठा जिथे जातो तिथे लाल बटण असतं. दाबलं की ऑटोपायलट सुटतो आणि कर्कश घंटा वाजते. साहेब म्हणाले, एटीआरवरून येणारे निम्मे लोक पहिल्या तासाला ही घंटा वाजवतात. मग एफएमए, म्हणजे विमान कोणत्या मोडमध्ये आहे ते दाखवणारी स्क्रीनवरची ओळ, मोठ्याने वाचायची सवय. टेकऑफला "मॅन फ्लेक्स, एसआरएस, रनवे, ऑटोथ्रस्ट ब्लू", आणि स्क्रीनवर अक्षरं बदलली की परत वाचायचं. पहिल्यांदा शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटतं. पण एक इंजिन बंद पाडल्यावर डोळा कुठे ठेवायचा, निळी खूण मधे आणायला रडर किती द्यायचा, हे त्या पाढ्यांमुळेच सुचतं. या भागाला पूर्ण मार्क.

आता तक्रारी. मुलाखतीची तयारी एक बाहेरचे सर ऑनलाइन घेतात. त्यांचं सगळं छापील. "टीमवर्कबद्दल सांगा" याचं पाठ केलेलं उत्तर आणि जुन्या पीडीएफ. ग्रुप डिस्कशनची दुपार तर निव्वळ वाया. बॅचमध्ये सरमिसळही आहे. नोकरी गेलेले आम्ही आणि नुकतंच सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) झालेली दोनशे तासांची पोरं एकाच वर्गात. जळगाव, धुळे, शिरपूर, तिन्हीकडे फ्लाइंग स्कूलची विमानं उडतात, तेव्हा अशा पोरांना इकडे तोटा नाही. हुशार आहेत, पण त्यांना लागणारं शिक्षण वेगळं आणि आम्हाला लागणारं वेगळं. परफॉर्मन्सचा (वजन, वेग, धावपट्टीच्या गणितांचा) विषय तर दोन्हींसाठी घाईत उरकला.

या पोरांच्या पालकांसाठी एक आडवळण. देशात पायलट कमी आहेत हे खरं, पण कंपन्यांना आधी हवे असतात कमांडर, म्हणजे कॅप्टन. डीजीसीएने एकट्या २०२३ मध्ये सोळाशेच्या वर सीपीएल दिली. तेवढ्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीट एका वर्षात रिकाम्या होत नाहीत. पायलटांचे नवे ड्युटी-नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली, आणि वेळापत्रकाला माणसं पुरेनात. त्या आठवड्यात मला नातेवाइकांचे फोनच फोन, "आता तुझं झालंच समज." झालं काही नाही. कमांडर सहा दिवसांत तयार होत नाही आणि एटीआरचा फर्स्ट ऑफिसर दुसऱ्या दिवशी ए-३२० त बसत नाही. तेव्हा "आत्ता रेटिंग करून टाका, नोकरी आम्ही लावतो" म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. हातात ऑफर लेटर नसताना वीस लाख घालणं मला पटत नाही, शेत गहाण ठेवून तर मुळीच नाही. साहेबांनीही बॅचमधल्या एकाला हेच सांगून परत पाठवलं.

मुलाखतीबद्दल साहेबांनी स्वतः दिलेला अर्धा तास त्या ऑनलाइन सरांच्या सगळ्या लेक्चरपेक्षा भारी. मधल्या काळात काय केलंत, हा प्रश्न येणारच. केळीच्या बागेत होतो असं सरळ सांगा, पण त्याच वाक्यात मेडिकल चालू आहे, शेवटची पीपीसी (पायलटच्या कौशल्याची नियमित चाचणी) अमुक तारखेची, शेवटचं उड्डाण तमुक तारखेचं, हेही सांगा. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगचा नियम तुमच्याकडून कधीच तुटलेला आहे, ते लपवून उपयोग नाही. आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. २०१७ च्या नियमाप्रमाणे नोकरीतल्या कमांडरला वर्षभराची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नोकरी गेलेल्याला ती भानगड नाही, तो पुढच्या ट्रेनिंग बॅचला हजर होऊ शकतो. हा मुद्दा तुम्ही स्वतः काढायचा, समोरचे विचारायची वाट बघायची नाही. त्यासाठी जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि ट्रेनिंग रेकॉर्ड फाइलमध्ये असायला हवं. बंद पडलेल्या कंपनीकडून कागद काढणं काय असतं ते ज्याने काढलेत त्यालाच माहीत. एचआरचा ईमेल बंद पडायच्या आत मागून घ्या.

माझं सध्याचं सांगायचं तर एका कंपनीचं सिम असेसमेंट देऊन आलोय. निकाल यायचा आहे. रॉ डेटा (स्क्रीनवरच्या मार्गदर्शक खुणांशिवायचा) आयएलएस बरा गेला, होल्डिंगची (हवेत घिरट्या घालत थांबायची) एन्ट्री घाईत झाली.

एकूण पाचपैकी साडेतीन. टाइप आहे पण वर्ष-दोन वर्षं हात बंद आहे, किंवा टर्बोप्रॉपवरून जेटवर जायचंय आणि कुठून तरी बोलावणं आलंय, अशांनी जरूर जावं. नुसतं सीपीएल घेऊन बसलेल्यांनी आधी साहेबांशी बोलावं, ते खरं सांगतील. बॅच सकाळची सातचीच घ्या. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तिथला एसी हात टेकतो, आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर स्क्रीन चालतात पण ट्रेनरचा कॉम्प्युटर परत सुरू व्हायला वेळ खातो. बाहेरगावच्यांना जवळच पेइंग गेस्ट मिळतात. जेवणाला शेवभाजीचं हॉटेल समोरच आहे, पण सेशनच्या आधी खाऊ नका, नंतर खा. आणि फोन लावताना लॉगबुक जवळ ठेवा. साहेब नावाच्या आधी शेवटच्या पीपीसीची तारीख विचारतात.