सर्फिंग शिकायला कोलरॉय, पण दक्षिण टोकालाच

★★★★☆

सिडनीत सर्फिंग शिकायचं म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी बॉन्डायचं नाव येतं. लेकीला शिकायचं होतं तेव्हा मी शहराच्या उत्तरेकडचा कोलरॉयचा किनारा निवडला आणि कोणी विचारलं तर आजही तेच सांगेन. पश्चिम सिडनीतल्या पॅरामॅटाहून लांब पडतं, तरीसुद्धा.

सिडनीच्या किनाऱ्यावर लाटांचा मोठा मारा दक्षिणेकडून येतो. कोलरॉयच्या दक्षिणेला लाँग रीफचं भूशिर समुद्रात घुसलंय, ते हा मारा अंगावर घेतं. म्हणून त्या टोकाला लाट लहान असते, सावकाश फुटते. नवशिक्याला कमरेएवढी लाट पुष्कळ झाली. हीच वाळू उत्तरेला साडेतीन किलोमीटर पसरत जाते आणि पार शेवटी, नॉर्थ नॅराबीनला, मुरलेले सर्फर उतरतात. तेव्हा 'कोलरॉय सोपं आहे' एवढं ऐकून मिळेल तिथे गाडी लावून पाण्यात शिरू नका.

मी मालवणची, भरती-ओहोटीच्या हिशोबात वाढलेली. तरी इथे सगळ्यात जास्त धास्ती मला पाण्याच्या ओढीची वाटते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा गडद, शांत दिसतो. पोरांना तीच जागा बरी वाटते आणि पाणी नेमकं तिथूनच आत खेचून नेतं. बोर्ड पाण्याला लावायच्या आधी मी लेकीला वाळूवर उभी करते आणि आज तो पट्टा कुठे आहे, हे तिच्याकडूनच वदवून घेते. ओढीत सापडलीच, तर बोर्ड सोडायचा नाही, प्रवाहाशी झगडायचं नाही, हात वर करून मदत मागायची. हे तिला पाठ आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची, तिथे बोर्ड न्यायचा नाही. पण जीवरक्षकांच्या नजरेच्या टप्प्यातच राहायचं.

उन्हाळ्यात जायचं तर सकाळीच. दुपारी ईशान्येचा वारा सुटला की लाटांची खिचडी होते, शिवाय तोच वारा ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे निळे जीव, काठाला लोटतो. डंख झालाच तर समुद्राच्या पाण्याने धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं धरा.

एक तारा कापलाय तो भरतीसाठी. 2016 च्या जूनमधल्या वादळात इथली वाळू वाहून गेली, घरांची अंगणं खचली, मग संरक्षक भिंत उभी राहिली. टोकापासून उत्तरेला सरकलात की भरतीच्या वेळी त्या भिंतीपुढे वाळू फारच अरुंद उरते. निघण्याआधी भरतीची वेळ बघाच.

गाडी नसेल तर शहराच्या मध्यातल्या विनयार्ड स्टेशनहून बी-लाइनची बस थेट कोलरॉयला येते. धाकटी भावंडं बरोबर असली तर दक्षिण टोकालाच खडकांना लागून समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे, बाजूला लहानग्यांसाठी उथळ तळंही आहे. मोठीचा सराव होईपर्यंत धाकटी तिथे खूश असतात.