आईचं चाटणं की खेळण्यांचा पिंजरा?

ठाण्यात बी.एस्सी.च्या मुलांना शिकवताना हा प्रश्न हमखास निघतो: उंदराच्या पिलाचा मेंदू जास्त कशाने घडतो, आईच्या चाटण्याने की खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्याने? माझा कल ठामपणे आईकडे. पहिल्या आठवड्यात ती पिलाला वरचेवर चाटते, तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात ताणाचं संप्रेरक ओळखणारे ग्राही वाढतात. मोठेपणी ते भेदरलं तरी लवकर सावरतं. मॉन्ट्रियलचे शास्त्रज्ञ मायकेल मीनी यांच्या गटाने पिलांची अदलाबदल केली, तर सांभाळणाऱ्या आईचाच गुण उतरला. नुसतं रक्तातलं नाही हे!

आता पिंजऱ्याची बाजू. चाक, बोगदे, सोबती असलेल्या पिंजऱ्यातल्या उंदरांत नव्या चेतापेशी जास्त दिसल्या, 1997 मध्ये. आईपासून तोडलेल्या पिलांची भीतीही वयात येताना अशा पिंजऱ्याने कमी झाली. ताण चेतवणाऱ्या जनुकाची वाढलेली हालचाल मात्र तशीच राहिली.