पोस्टग्रेसचे लॉजिकल रेप्लिकेशन : पार्टिशन केलेल्या टेबलांची कसोटी

टेबल ठरवून दिलेल्या नियमानुसार पार्टिशनमध्ये, म्हणजे लहान भागांत, विभागण्याची सोय आणि लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे निवडक टेबलांतले बदल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवण्याची सोय, या दोन्ही गोष्टी पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीमध्ये २०१७ साली, आवृत्ती १० मध्ये, एकदमच आल्या. पण पहिली तीन वर्षे त्यांचे आपसात फारसे जमले नाही. मूळ टेबल पब्लिकेशनमध्ये, म्हणजे बदल पाठवायच्या टेबलांच्या यादीत, घालताच येत नसे, त्यामुळे एकेक पार्टिशन हाताने नोंदवावे लागे. २०२० च्या आवृत्ती १३ ने ती अडचण दूर केली. महिनावार पार्टिशन पडणारे, सतत वाढणारे ऑर्डरांचे टेबल दुसऱ्या सर्व्हरवर जवळजवळ ताजे ठेवायचे असेल, तर या सोयीवर विसंबता येते. मात्र नवी पार्टिशने वेळेवर तयार करण्याची जबाबदारी ती घेत नाही, आणि बहुतेक घोटाळे नेमके तिथेच होतात.

टेबलाच्या रचनेतले बदल लॉजिकल रेप्लिकेशन दुसऱ्या सर्व्हरवर नेत नाही. मुख्य सर्व्हरवर पुढच्या महिन्याचे पार्टिशन तयार झाले, ते पब्लिकेशनमध्ये आपोआप धरलेही गेले, पण दुसऱ्या सर्व्हरवर त्या नावाचे टेबलच नसेल, तर एक तारखेच्या पहिल्याच ऑर्डरीला बदल लागू करणारी प्रक्रिया त्रुटी देऊन थांबते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते आणि त्याच ओळीवर पुन्हा अडते. टेबल तयार आहे पण सबस्क्रिप्शन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची बदल घेण्याची नोंदणी, रिफ्रेश केलेले नाही, ही स्थिती त्याहून फसवी म्हणावी लागेल. त्या पार्टिशनचे बदल तेव्हा कोणतीही तक्रार न करता वगळले जातात. लॉग स्वच्छ दिसतो आणि अहवालात मात्र चालू महिना रिकामा असतो. रिफ्रेश केल्यावर ते पार्टिशन पूर्ण कॉपी होऊन येते, पण तोवर कोणाच्या लक्षात आले तर!

‘पब्लिश व्हाया पार्टिशन रूट’ हा पर्याय चालू केल्यास चित्र बरेच पालटते. मग प्रत्येक बदल मूळ टेबलाच्या नावाने पाठवला जातो आणि दुसऱ्या बाजूला ते टेबल वेगळ्या पद्धतीने विभागलेले असले किंवा मुळीच विभागलेले नसले तरी चालते. अहवालांच्या सर्व्हरसाठी मी हाच पर्याय सुचवेन, जरी तो मुळात बंद असतो. त्याची किंमतही आहे. सुरुवातीची कॉपी संपूर्ण मूळ टेबलाची एकाच प्रक्रियेतून होते, तर पार्टिशननिहाय पद्धतीत एकाच वेळी एकाहून अधिक पार्टिशने कॉपी होऊ शकतात. मोठ्या टेबलाला हा फरक जाणवतो. शिवाय एखादेच पार्टिशन थेट ट्रंकेट (एकदम रिकामे) केले, तर ते या पद्धतीत पलीकडे पोहोचत नाही.

पलीकडचे टेबलही विभागलेले असेल, तर तिथे डिफॉल्ट पार्टिशन, म्हणजे इतर कोणत्याच पार्टिशनात न बसणाऱ्या ओळींसाठीचे पार्टिशन, ठेवावे का? प्रवाह थांबत नाही, हा त्याचा फायदा खरा. पण त्यात सप्टेंबरच्या ओळी साचल्यावर सप्टेंबरचे पार्टिशन तयार करायला गेले की पोस्टग्रेस नकार देते आणि आधी त्या ओळी हलवाव्या लागतात. पुढच्या काही महिन्यांची पार्टिशने आधी दुसऱ्या सर्व्हरवर आणि मग मुख्य सर्व्हरवर तयार करणे, हा क्रम मला अधिक सुरक्षित वाटतो.

रचनेतले बदल दुसऱ्या सर्व्हरवर न जाण्याची मर्यादा जुन्या पार्टिशनांच्या बाबतीत मात्र उपयोगी पडते. मुख्य सर्व्हरवरून जुने वर्ष डिटॅच करून (मूळ टेबलापासून सोडवून) काढून टाकले तरी दुसरीकडे ते तसेच राहते, म्हणजे अभिलेखागार जवळजवळ फुकटात मिळते.

मुख्य सर्व्हर बंद पडताच दुसरा पुढे करायचा, एवढाच हेतू असेल, तर २०१० च्या आवृत्ती ९.० पासून असलेले स्ट्रीमिंग रेप्लिकेशन, म्हणजे संपूर्ण सर्व्हरची हुबेहूब प्रत ठेवण्याची पद्धत, अधिक सरळ आहे. त्यात नवी पार्टिशने आपोआप जातात, फक्त सगळा डेटाबेस समूह, म्हणजे त्या सर्व्हरवरचे सर्व डेटाबेस, घ्यावा लागतो आणि दोन्हीकडे मुख्य आवृत्ती एकच लागते. लॉजिकल पद्धत निवडलीच, तर रेप्लिकेशन स्लॉटकडे, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरने बदल कुठवर घेतले याच्या मुख्य सर्व्हरवरील नोंदीकडे, लक्ष असू द्यावे. दुसरा सर्व्हर अडून बसला की मुख्य सर्व्हर वॉल फायली (बदलांची नोंद असलेल्या फायली) जपून ठेवत जातो आणि मर्यादा घातलेली नसेल तर डिस्क भरेपर्यंत ठेवतो. आवृत्ती १३ पासून ती मर्यादा घालता येते. मात्र ती ओलांडल्यास स्लॉट बाद होतो आणि कॉपी पहिल्यापासून करावी लागते, म्हणून ती डिस्कवरच्या मोकळ्या जागेचा अंदाज घेऊनच ठरवावी.