जर्मनीला नेलेलं सामान: दोन सेमिस्टर वापरल्यावर

जर्मनीत मास्टर्सला जाणाऱ्यांच्या हातात सामानाच्या ज्या याद्या पडतात, त्या बहुतेक निघण्याआधी केलेल्या असतात. खाली लिहिलंय ते दोन सेमिस्टर रोज वापरल्यावर जे टिकलं, जे पलंगाखाली गेलं आणि जे उगाच वाहून नेलं त्याबद्दल.

सगळ्यात जास्त फसगत कुकरची होते. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात बहुधा गॅस नसतो, काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी असते. ती दोन प्रकारची, आणि दिसायला जवळजवळ सारखीच. इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. म्हणून घेतानाच तळाला चुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं तरच घ्या, कारण स्टीलची सगळीच भांडी चुंबकाला चिकटत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या शेगडीत काचेखालची तार तापते. तिथे ॲल्युमिनियम चालतं, पण तळ पूर्ण सपाट हवा. पोचा आलेला कुकर अर्धाच तापतो. ही शेगडी बंद केल्यावरही काही मिनिटं तापलेली राहते, त्यामुळे शेवटची शिट्टी झाली की कुकर लगेच बाजूला घ्यावा लागतो. नाहीतर वरण खाली लागलंच म्हणून समजा.

एकट्यासाठी इंडक्शन तळाचा ३ लिटरचा स्टीलचा कुकर पुरतो. डबे मात्र घरीच आत ठेवून झाकण लावून पाहा. सोबत त्याच मापाच्या दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह न्या; तिकडे आपल्या मॉडेलचे भाग शोधण्यात आठवडे जातात. रिंग सैल पडली की कडेने वाफ जाते आणि शिट्टी होत नाही. ती दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवली तर त्या दिवसापुरतं काम भागतं. कुकर चेक-इन बॅगेत ठेवा आणि रिकामा ठेवू नका, आत मोजे भरा.

तवाही चुंबकाच्याच कसोटीवर घ्या. लोखंडी तवा उत्तम, पण काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. लाटणं, चहाची गाळणी आणि सांडशी ही तिन्ही रोज लागली. पोळपाट नेण्याची गरज नाही, टेबल आहेच. मिक्सरचं वजन मात्र वसूल होत नाही. शिवाय रात्री दहानंतर आणि रविवारी त्याचा आवाज शेजाऱ्यांना चालत नाही. छोटा खलबत्ता पुरे.

खाण्याच्या बाबतीत आधी नियम. युरोपीय संघाबाहेरून सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, पनीर घरीच राहतं. तुपाचं दुःख करू नका. २५० ग्रॅमचं बिनमिठाचं बटर मंद आचेवर कढवलं की साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. ताज्या कढीपत्त्यालाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तो नकोच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानातच चालत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: विमान दुबई किंवा अबू धाबीमार्गे असेल तर गोडा मसाला खसखस न घालता करून घ्या. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बेकायदा आहे.

तूरडाळ, तांदूळ, पोहे, आटा, हळद हे मोठ्या शहरातल्या भारतीय दुकानात मिळतं. त्यासाठी किलो घालवू नका. मिळत नाही ते आपलं खास: गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुलं. मसाले अर्धा-अर्धा किलो, भाजणी दोन किलो, आमसुलं पाव किलो. पोचल्यावर महिन्यापुरतं बाहेर ठेवून बाकी फ्रीझरमध्ये टाका. हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर स्वेटरलाही फोडणीचा वास येईल. लोणचं न्यायचंच असेल तर बरणी काठोकाठ भरू नका. झाकणाखाली प्लॅस्टिक, वरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या आणि जागा बॅगेच्या मधोमध.

विजेचं सोपं आहे. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, कन्व्हर्टर विकत घेऊ नका. मोबाइलचे दोन पिनांचे चार्जर बहुतेक थेट बसतात, तीन पिनांचा प्लग बसत नाही. लॅपटॉपच्या चार्जरची भिंतीकडची वायर सुटी होते, तेवढीच तिकडे जर्मन प्लगची घ्या. पहिल्या दिवसासाठी एक अडॅप्टर पुरे. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवा; २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे १००च्या मर्यादेत बसते.

अंथरुणात एक गंमत आहे. तिकडची नेहमीची उशी ८० बाय ८० सेंटिमीटरची, चौकोनी. आपले अभ्रे तिच्यावर चढत नाहीत. गादी ९० बाय २०० असते, तिला आपली सिंगल चादर पुरते. तेव्हा चादर न्या, अभ्रे नकोत.

थंडीचं जाड जॅकेट इथून नेऊ नका, तिकडचं जास्त उपयोगी पडतं. थर्मलचे दोन जोड आणि पाणी न शिरणारे बूट मात्र पहिल्याच आठवड्यात लागतात. सुती कुर्ते ६० अंशांवर धुतले की आटतात, मशीन ३० वर लावा.

औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची नेता येतात. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावाने हवी. आपली ब्रँडची नावं तिकडच्या फार्मसीत कुणाला कळत नाहीत. पॅरासिटामॉल किराणा दुकानात मिळत नाही, फार्मसीतच मिळतं, आणि रविवारी ड्युटीवरची एखादी सोडली तर बाकी बंद. चष्म्याचा दुसरा जोड इथूनच करून न्या आणि दाताचं काम निघण्याआधी उरकून घ्या.

मूळ गुणपत्रिका, एपीएस प्रमाणपत्र (आपली पदवी तपासून दिलेलं), विम्याचे आणि ब्लॉक्ड अकाउंटचे (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवलेल्या खात्याचे) कागद केबिन बॅगेत ठेवा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. तिला घरमालकाचा फॉर्म लागतो, तो चावी घेतानाच मागून घ्या.