दिव्याचं स्टँडवालं भिंग: सात महिने वापरून

सांगलीतल्या गणपती पेठेतल्या चष्म्याच्या दुकानातून हे भिंग साडेआठशेला घेतलं, माझ्या सासऱ्यांसाठी. आप्पा 78 वर्षांचे. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत चाळीस वर्षं दिवाणजी होते. सकाळी पेपर आला की आधी हळदीचा भाव, पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं ते, मग बाकीचं. गेल्या वर्षी पेपरची घडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहायला लागली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

भिंग चांगलं आहे. तिप्पट मोठं दाखवतं. कागदावर टेकवायचं आणि ओळीवरून सरकवत न्यायचं. आधी हातात धरायचं आणलं होतं, पण आप्पांचा हात थरथरतो, भिंग वरखाली झालं की अक्षर पुसट. याचं अंतर ठरलेलं असतं. दिवाही थेट अक्षरांवर पडतो, आणि आप्पांच्या डोळ्याच्या पडद्याच्या दुखण्यात उजेडाचा फार फरक पडतो. वाचायचा चष्मा लावूनच बघायचं, हे मात्र विसरू नका. पाचपटवालंही दुकानात होतं, पण त्यात एका वेळी दोनच शब्द मावायचे आणि आप्पांची ओळ हरवायची.

जाड पुस्तकात शिवणीजवळ ते नीट टेकत नाही. औषधाच्या बाटलीवर तर नाहीच. भिंग प्लास्टिकचं आहे, मी पदरानं पुसलं आणि चरे पडले. आणि उन्हात उघडं ठेवू नका, खालचा कागद पेटू शकतो.

पण भिंग कशासाठी लागतंय, हे आधी कळायला हवं. आम्ही तिथंच चुकलो. "खिडकीचा गज वाकलाय गं," आप्पा म्हणायचे. मी चाचपून बघितला, गज सरळ होता. एका दुकानात दोनदा नंबर बदलून दिला, नात्यातले म्हणाले मोतीबिंदू पिकत असेल. यात पाच महिने गेले. शेवटी पडद्याच्या डॉक्टरांनी थेंब घालून ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो, काढला. पडद्याच्या मधोमध मॅक्युला असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं सगळं त्याच्या जिवावर. वयानं तो खराब होतो. आप्पांच्या डाव्या डोळ्यात कोरडा प्रकार, सावकाश वाढणारा. उजव्यात ओला, म्हणजे पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि त्यातून पाणी झिरपतं. तो काही आठवड्यांतही नजर नेऊ शकतो. त्यावर डोळ्यात इंजेक्शनं दिली, सुरुवातीला महिन्याला एक अशी 3, नंतर तपासून पुढची. पडझड थांबली, पण गेलेलं सगळं परत आलं नाही. कडेचं दिसतं, म्हणून घरात कुठं अडखळत नाहीत. माझ्या चेहऱ्याच्या जागी मात्र धुकं दिसतं म्हणतात, आणि आवाजावरून विचारतात, "आलीस का?" ते ऐकलं की ते पाच महिने टोचतात.

डोळ्यांच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका. अमेरिकेतल्या 2001 च्या मोठ्या अभ्यासात ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त घेतल्यावर मधल्या टप्प्यातल्या लोकांचा आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी घटला होता. दुखणं मुळात होऊच नये म्हणून त्या उपयोगाच्या नाहीत. त्यात बीटा कॅरोटीन असेल तर विडी-सिगारेटवाल्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आप्पांनी आयुष्यभर विडी ओढली, त्यामुळं आम्ही त्याशिवायच्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घेतल्या.

दर रविवारी चहाआधी आप्पा चष्मा लावतात, एक डोळा झाकतात आणि ॲम्स्लरच्या चौकटीच्या, म्हणजे उभ्याआडव्या रेघांची जाळी छापलेल्या कागदावर मधल्या ठिपक्याकडं बघतात. मग दुसरा डोळा. रेघ नव्यानं वाकडी दिसली किंवा एखादा चौकोन गायब वाटला, तर त्याच दिवशी दवाखाना. तो कागद दवाखान्यातून मिळाला, भिंगाच्या खोक्यात नव्हता. दुकानदारानं प्रत्येक भिंगाबरोबर तो द्यावा, मी त्यांना तसं सांगून आले आहे.