हातपंपी टॉयलेटचा सर्व्हिस किट: रबर चोख, माहितीपत्रक भिकार

आधी निकाल सांगून टाकतो. बोटीवरच्या हातपंपी टॉयलेटसाठी मूळ कंपनीचा जो सर्व्हिस किट, म्हणजे पंपाच्या झिजणाऱ्या रबरी भागांचा संच, मिळतो, तो जरूर घ्या. पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला सोबतच्या कागदासाठी आणि अर्धा एका सीलसाठी, त्याचं रडगाणं पुढे येईलच. मात्र खाली पाणी दिसलं की लगेच किट मागवायला धावू नका. गळतंय कुठून ते आधी शोधा. बऱ्याच गळत्या या किटच्या हद्दीतच येत नाहीत, आणि मग लोक नवं रबर टाकून वर किटलाच शिव्या घालतात.

माझी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली. निवृत्तीनंतर शिडाची छोटी बोट घेतली. मोठ्या जहाजावर सांडपाणी म्हणजे मोठा कारभार: टाक्या, ट्रीटमेंट प्लांट, डोक्यावर मार्पोलचं, म्हणजे जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, चौथं परिशिष्ट. इथे कपाटाएवढ्या जागेत एक भांडं, एक हातपंप आणि दोन नळ्या. दिसायला खेळणं. पण ते बहुतेक बोटींवर पाण्याच्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम बरोबरीला बसवलेलं असतं, आणि एक नळी थेट समुद्रातून आत येते. सीकॉक (बोटीच्या तळाशी नळी बंद करायची तोटी) उघडा राहिला आणि पाणी आपोआप ओढलं जाऊ नये म्हणून नळीला वर दिलेल्या वळशाचं, अँटी-सायफन लूपचं, हवेचं भोक क्षारांनी बंद झालेलं असलं, तर बोटीत कोणी नसतानाही भांडं भरून पाणी फरशीवर येतं आणि तिथून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत. बोटी अशा बुडालेल्या आहेत. त्यामुळे 'थोडंसंच ठिबकतंय' हे वाक्य मी या बाबतीत ऐकून घेत नाही.

पंप कसा चालतो ते समजलं की निम्मं निदान तिथेच होतं. सिलिंडर एकच, पण पिस्टनच्या वरची बाजू समुद्राच्या पाण्याची आणि खालची बाजू मैल्याची. दांडा वर ओढला की खाली भांड्यातला ऐवज सिलिंडरमध्ये खेचला जातो, आणि त्याच वेळी वरचं समुद्राचं पाणी भांड्यात ढकललं जातं. दांडा खाली दाबला की मैला बाहेरच्या नळीत जातो आणि वर नवं पाणी भरतं. म्हणजे वरच्या झाकणापाशी, दांड्याच्या कडेने जे पाणी येतं ते समुद्राचं, स्वच्छ असायला हवं. तिथलं पाणी गढूळ असेल, वास मारत असेल, तर नुसता वरचा सील गेलेला नाही. पिस्टनची ओ-रिंगही (गोल रबरी कडी) गेली आहे आणि खालचं वर मिसळतंय. कागदावर ही एक ओळ छापली असती तरी मी अख्खा तारा परत दिला असता.

शोधायची रीत सोपी आहे. सगळं फडक्याने कोरडं ठणठणीत पुसा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा. भांड्यात थोडा खाण्याचा रंग घाला आणि पंप मारा. ज्या तुकड्यावर रंगीत डाग पडला, तिथे बाहेर टाकण्याच्या बाजूची गळती. साधाच ओला झाला तर पाणी आत येण्याच्या बाजूची. मग पंप न मारता तासभर तसंच राहू द्या आणि पुन्हा बघा. पंप मारतानाच गळतं की एरवीही, हा फरक फार बोलका असतो. एरवीही ओलं होत असेल तर सीकॉक बंद करून बघा. थांबलं, तर बाहेरच्या पाण्याचा दाब सतत त्या जोडावर आहे, आणि ते काम आजचं आजच करायचं.

आता पाकीट उघडू. आत एक जोकर व्हॉल्व्ह (मैला एकाच दिशेने जाऊ देणारी रबरी झडप), खालच्या बाजूचं झडपेचं गॅस्केट (जोडात बसणारी रबरी चकती), वरच्या बाजूचं व्हॉल्व्ह गॅस्केट, पिस्टनची ओ-रिंग, आणखी दोन-तीन बारक्या रिंगा आणि ग्रीसचं एक पाकीट, शाम्पूच्या पाऊचपेक्षाही लहान. रबर मात्र उत्तम. जोकर व्हॉल्व्ह हातात घेतला की कळतं: भिंत जाड, ओठ एकमेकांना घट्ट चिकटलेले. शेजारच्या बोटीवाल्याने दुसऱ्याच कोणीतरी बनवलेला स्वस्त किट आणला होता. दोन्ही जोकर उजेडासमोर धरले. मूळच्यात चीर दिसतच नव्हती, बोटाने दाबल्यावर उघडली आणि सोडल्यावर मिटली. स्वस्तातल्याच्या चिरेतून उजेडाची बारीक रेघ आरपार दिसत होती. बाहेरच्या नळीतला मैला भांड्यात परत येऊ नये एवढ्यासाठीच तो भाग असतो. ज्याचे ओठ कोरे असताना मिटत नाहीत, त्याच्यावर क्षार चढल्यावर काय मिटणार!

जोकर हा यातला सगळ्यात लवकर संपणारा भाग. लघवी आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की क्षारांचा थर बसतो, ओठ कडक होतात, आणि पंप मारून कोरडं केलेलं भांडं थोड्या वेळाने पुन्हा भरलेलं दिसतं. ही गळती जमिनीवर येत नाही, म्हणून लोक तिला गळती मानत नाहीत. मी मानतो. बसवताना निमुळती बाजू पंपापासून लांब, मैला जायच्या दिशेने हवी. उलटा बसवला तर पहिल्याच दाबाला दांडा अडतो, आणि जोर लावणारा प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे नळीचा वाकडा जोड, फोडून बसतो.

खालच्या झडपेला एक छोटं वजन असतं. त्याची वरची-खालची बाजू ठरलेली आहे, आणि माहितीपत्रकातल्या चित्रात ती अजिबात कळत नाही. चित्र म्हणजे फोटोकॉपीची फोटोकॉपी. उपाय एकच: जुनं काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक थराचा. वरच्या गॅस्केटचंही तेच. ते कडेच्या खाचेत नीट बसलं नाही तर झाकण आवळलं तरी एका कोपऱ्यातून पाझरत राहतं.

आणि आता तो अर्धा तारा. हातपंपाची सगळ्यात नेहमीची तक्रार कोणती? दांड्याच्या कडेने, वरून, दर वेळी वर ओढताना पाण्याची चिळकांडी. तिचा सील ज्या छोट्या गोल घरात बसतो, ते घर सीलसकट वेगळं विकतात आणि माझ्या किटमध्ये ते नव्हतं. 'संपूर्ण सर्व्हिस' असं पाकिटावर छापायचं आणि जी गळती माणसाच्या हातावर उडते तिचाच इलाज आत ठेवायचा नाही, याला काय म्हणावं? मागवताना दोन्ही एकत्र मागवा. ते घर बदलायला पंप उघडावाही लागत नाही: दांड्यावरचं हँडल काढा, जुनं आटे फिरवून काढा, दांड्याला ग्रीस लावून नवं सरकवा आणि हाताने आवळा. पकड लावायची गरज नाही. मात्र दांड्यावर हिरवट किंवा पांढरा थर असेल तर आधी तो काढा. खरखरीत दांडा नवा सीलही थोड्याच दिवसांत खातो.

ग्रीस सिलिकॉनचंच वापरा. घरात असते ती पेट्रोलियम जेली नको. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम हे कृत्रिम रबर तिने फुगतं आणि मऊ पडतं. ब्लीच ओतून 'स्वच्छ' करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. क्षारांसाठी व्हिनेगर रात्रभर राहू द्यावं, सकाळी भरपूर पाणी मारावं. वेळ लागतो, पण रबर शाबूत राहतं.

प्रत्यक्ष कामाबद्दल. सीकॉक दोन्ही बंद. त्याआधी गोडं पाणी ओतून भरपूर पंप मारा, म्हणजे जे उघडाल ते निदान बघवेल. हातमोजे, जुनी चादर, एक पसरट डबा. झाकणाचे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये जातात, त्यामुळे परत लावताना आधी उलटे फिरवा. 'टक्' करून स्क्रू जुन्या आट्यात पडतो, मग सरळ आवळा. हे न करता दाबून फिरवलेला स्क्रू नवे आटे कापतो, आणि असं दोनदा झालं की तिथे पकडच राहत नाही. कोपऱ्या-कोपऱ्याने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. मला सवय मोठ्या फ्लँजची, म्हणजे पाइपांच्या बोल्ट लावलेल्या जोडांची, पण नियम तोच.

मी हे करत असताना वरून आवाज आला, "अहो, झालं का, की नुसतंच उघडून ठेवलंय?" उत्तर देण्याजोगं नव्हतं, कारण त्या क्षणी मी सिलिंडरच्या आतून नख फिरवत होतो. हे प्रत्येकाने करावं. आतली भिंत गुळगुळीत लागली तर किट बसवा, पंप पुढची काही वर्षं चालेल. नख उभ्या ओरखड्यांत अडकलं तर किटवर पैसे घालवू नका. खरवडलेल्या भिंतीवर नवी ओ-रिंग पाणी धरत नाही. मग अख्खा पंप घ्यावा. तो आतल्या सगळ्या रबरासकट तयार येतो, भांड्याच्या बैठकीवर चार बोल्टांनी बसतो, आणि मैल्यात हात घालून बसायचा वेळ वाचतो. खरं तर जुना पंप असलेल्या कोणालाही मी हेच सुचवेन: नवा पंप बसवा, जुना धुऊन त्यात सवडीने किट टाका आणि तो सुटा भाग म्हणून ठेवा. पुढच्या वेळी भर समुद्रात पंप बिघडला तर बदली अर्ध्या तासाची.

ज्या गळत्या किटमध्ये येतच नाहीत, त्यांचं काय? त्यातली पहिली नळीच्या क्लिपची. बाहेर जाणारी नळी 38 मिलिमीटरची, आत येणारी 19 ची. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडावर दोन क्लिपा हव्यात, जोडाची लांबी पुरत असेल तर, आणि त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. पट्टीवर 316 (न गंजणाऱ्या पोलादाची एक प्रत) लिहिलेलं असतं म्हणून समाधान मानू नका, स्क्रू बघा. पट्टी चकचकीत आणि स्क्रू गंजलेला असा प्रकार सर्रास विकला जातो. आरपार भोकं असलेल्या पट्टीपेक्षा सलग पट्टी बरी, ती नळीत रुतत नाही.

दुसरी नळीचीच. जुनी नळी काढताना ओढायची नाही. तिच्या बळापुढे पंपाचा प्लास्टिकचा नळा मोडतो. पात्याने लांबीत चीर द्या आणि सोलून काढा. नवी बसवताना टोक गरम पाण्यात बुडवा, ती आपणहून जाते. आणि सगळं कोरडं असूनही खोलीत वास येत असेल, तर गरम ओलं फडकं नळीवर घासून, ते लांब नेऊन हुंगा. फडक्याला वास लागला असेल तर नळीच्या भिंतीतून वास झिरपतोय आणि जगातला कुठलाही किट तो थांबवणार नाही. तिथे सॅनिटेशनसाठीचीच नळी लागते. आत स्प्रिंगसारखी तार असलेली पारदर्शक नळी या कामासाठी विकणारे लोक आहेत. त्यांच्याकडून काहीच घेऊ नये.

माझ्या पंपाचं म्हणाल तर भिंत गुळगुळीत होती. किट आणि वेगळं मागवलेलं सीलचं घर दोन्ही टाकलं, टिश्यू पुन्हा मांडले, रंग घालून पंप मारला. एक तुकडा ओला झाला, तोही रंगीत नाही. आत येणाऱ्या नळीची क्लिप अर्धा आटा आवळल्यावर तोही कोरडा राहिला. दांडा आता इतका हलका चालतो की पाहुण्यांना सांगावं लागतं, जोर लावू नका.

मागवताना मॉडेलचा नंबर नीट बघा. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या पंपांचे किट दिसायला सारखे असतात, पण गॅस्केटची भोकं जुळत नाहीत, आणि हे पंप उघडून बसल्यावर कळतं. सोबत दोन जोकर व्हॉल्व्ह जास्तीचे आणि सिलिकॉन ग्रीसची स्वतंत्र ट्यूब घ्या. पाकिटातलं ग्रीस पिस्टनच्या ओ-रिंगलाच संपतं.